पुण्याहून नागपूरला घर हलवतोय, बांधाबांध कुठून सुरू करू?

माळ्यापासून. तिथलं निम्मं सामान नागपूरला न्यायच्या लायकीचं नसतंच, ते आधी भंगारवाल्याला द्या. पुस्तकं लहान खोक्यांतच भरा, मोठं खोकं भरलंत तर दोघांनाही उचलणार नाही. खोक्यात काय आहे ते वर नको, बाजूला लिहा. एकावर एक रचल्यावर वरचं कोण वाचणार?

स्वयंपाकघर शेवटी. काचेच्या बश्या आडव्या न रचता कागदात गुंडाळून उभ्या लावा, कमी फुटतात. मिसळणाचा डबा रिकामा करूनच न्या. मी आळस केला, चादरींच्या खोक्यात तसाच कोंबला. झाकण निघालं आणि हळद अशी बसली की त्या चादरी अजून पिवळ्या आहेत.

गॅसचं आठवडाभर आधी बघा. शहर बदलत असल्याने सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, अनामत परत मिळते. ट्रान्सफर व्हाउचर मागून घ्या, नागपुरात नव्या कनेक्शनला लागेल. फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून ठेवा, उभाच न्या आणि पोचल्यावर काही तास थांबून चालू करा.

आणि चहाचं सामान, चार्जर, औषधं, दागिने ट्रकात नाही, तुमच्यासोबत.