समाजशास्त्राची अभिजात पुस्तके : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्रे वेगवेगळ्या गावांहून येतात, गोंधळ मात्र तोच. पुस्तकाविषयी पुष्कळ ऐकलेले असते आणि पुस्तक उघडलेले नसते. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो आहे. समाजशास्त्राची सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने. पुस्तक १९१५ चे आहे आणि मुळात मराठीतच लिहिलेले आहे. कुणबी, बलुते-अलुते, वतन, मानपान यांच्यावर गाव कसा चालत होता, ते त्यात बारकाव्यानिशी दिसते. भाषा जुनी आहे, पण थोड्या पानांनंतर सरावते. भटक्या जमातींविषयीची आत्र्यांची मते मात्र त्या काळच्या पूर्वग्रहांनी भरलेली आहेत. तो भाग एखाद्या जाणत्या प्राध्यापकाशी बोलून, आजच्या अभ्यासाच्या जोडीने वाचा.

प्रश्न : इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’खेरीज काही महत्त्वाचे लिहिले आहे का?

हो, भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ आधी मिळवा.

प्रश्न : दुर्खीम यांचे आत्महत्येवरचे पुस्तक खचलेल्या माणसाने वाचू नये, असे एकाने सांगितले. खरे आहे का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचे ते १८९७ चे पुस्तक एकेका माणसाच्या दुःखाविषयी नाही. एखाद्या समाजात आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास सारखे का राहते आणि दुसऱ्या समाजात ते वेगळे का असते, हा त्याचा प्रश्न आहे. पण तुम्ही घरातल्या कोणासाठी विचारत असाल, तर पुस्तकाचा विषय बाजूला ठेवा. आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा किंवा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. इथे उशीर करू नका.

प्रश्न : बाबासाहेबांनी लाहोरला केलेल्या भाषणातले म्हणून एक वाक्य आमच्या ग्रुपवर फिरते आहे. मला ते स्मरणिकेत छापायचे आहे, पण माझ्याकडच्या पुस्तिकेत सापडत नाही. काय करू?

छापू नका. मुळात लाहोरला ते भाषण झालेच नाही आणि हे अजून सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. जात-पात-तोडक मंडळ या लाहोरच्या सुधारकांच्या संस्थेने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळाचे लोक बिचकले. धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर घाव घालणारा भाग गाळावा, असा त्यांचा आग्रह होता. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी लेखी कळवले. अधिवेशन बारगळले आणि मे महिन्यात बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, म्हणजे जातीचे निर्मूलन. जुलैमध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि आपले उत्तर अशी दोन्ही जोडली.

म्हणजे मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, गांधीजींचे आक्षेप आणि बाबासाहेबांचे उत्तर, हे सगळे मिळून ते पुस्तक आहे. जयंतीच्या तोंडावर काही विक्रेते पत्रे आणि वाद कापून पातळ पुस्तिका काढतात नि वर ‘संपूर्ण’ असे छापतात. ही वाचकाची फसवणूक आहे. भाषणातला युक्तिवाद पायरी-पायरीने चढतो. जात म्हणजे श्रमविभागणी, असे समर्थक म्हणतात. बाबासाहेब दाखवतात की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उच्चनीचतेची. सामाजिक सुधारणेला बगल देऊन राजकीय किंवा आर्थिक क्रांती करू पाहणाऱ्यांचाही ते समाचार घेतात. खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे सांगून ते विचारतात की लोक तो का करत नाहीत. तिथून ते शास्त्रांच्या प्रामाण्यापर्यंत पोचतात. मंडळाला जे नको होते, ते या युक्तिवादाचे टोकच होते. मधलेच एक वाक्य उचलून फुलांच्या चित्रावर टाकले की त्याच्या मागची-पुढची पायरी नाहीशी होते. मग विरोधकही तेच वाक्य हवे तसे वाकवतात.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड घ्या. वाक्य सापडले तर पान क्रमांकासह उतरवा. छपाईला देण्यापूर्वी आंबेडकरी साहित्याच्या अभ्यासकाला दाखवा. सापडले नाही तर ते वाक्य सोडून द्या.

प्रश्न : सेट परीक्षेसाठी क्लासच्या ‘विचारवंत’ नोट्स पुरतील का?

पाठांतराला पुरतील, समजायला नाहीत. अशा नोट्समध्ये ‘वेबर : प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही जन्मली’ असे एका ओळीत असते. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी हा विषय ‘द प्रोटेस्टंट एथिक अँड द स्पिरिट ऑफ कॅपिटॅलिझम’ या पुस्तकात मांडला आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी बजावले आहे की एकांगी भौतिकवादी स्पष्टीकरणाच्या जागी तितकेच एकांगी आध्यात्मिक स्पष्टीकरण बसवण्याचा त्यांचा हेतू नाही. निदान ते शेवटचे प्रकरण तरी या आठवड्यात वाचा, परीक्षेची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. अडेल तिथे विभागातल्या शिक्षकांना विचारा.

प्रश्न : गो. स. घुर्ये यांच्या जातीवरच्या पुस्तकाची १९३२ ची पहिली आवृत्ती एक विक्रेता भरमसाट किमतीला देतो आहे. अभ्यासासाठी घ्यावी का?

नाही. पुढच्या आवृत्त्यांत घुर्यांनी मजकूर वाढवला आणि मधल्या काळात पुस्तकाचे नावही बदलले, त्यामुळे अभ्यासाला नंतरचीच आवृत्ती लागते. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळेल. ग्रंथपालांना भेटा आणि तोवर विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.