"एका वर्षात कमावून दाखव" ही अट आधी मागे घ्या

नमस्कार,

पंढरपूरहून आलेला तुमचा मेल वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगी बारावी सायन्स, ७१ टक्के, सीईटीत पर्सेंटाइल गडगडलं, चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड, आणि तिला अ‍ॅनिमेशन किंवा गेम डेव्हलपमेंट करायचंय. मेल लिहिणारे वडील, त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, पण एक वर्ष देतो म्हणालेत, वर्षात पगार सुरू झाला तर ठीक, नाहीतर डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयर आणि विषय बंद. सोलापुरात एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटचा १४ महिन्यांचा कोर्स बघितलाय, फी ३ लाख ८० हजार, "१०० टक्के जॉब गॅरंटी", तो करू का एवढंच विचारलंय.

मार्कांचं मला काही वाटलं नाही, या फिल्डमधे ७१ काय आणि ९१ काय. मला खटकल्या त्या तुमच्या मेलखाली मुलीने टाईप केलेल्या दोन ओळी. "सर एका वर्षात जॉब लागेल असं कुठलं सॉफ्टवेअर आहे? मी दिवसरात्र करेन." शिकवणार कोण, काय शिकायला मिळेल, आपल्याला जमेल का, यातलं काहीच तिने विचारलेलं नाहीये. बारावी झालेल्या मुलीच्या डोक्यात आत्ता फक्त तारीख आहे. आणि ती तारीख तुम्ही घातलीत साहेब, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय "मी कधीच कुठल्या गोष्टीला आडवा आलो नाही". खरं आहे, उघड आडवे आला नाहीत. पण हे १४ महिन्यांचं पॅकेज तुमच्या नजरेत भरलं ते तुमच्या अटीच्या जवळपास बसतं म्हणून, चांगलं आहे म्हणून नाही. चार वर्षांचे कोर्स तुम्ही बघितलेच नाहीत, बघणार तरी कसे, मुदतच एक वर्षाची. म्हणजे अट घालून तुम्ही तिला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्च्या रस्त्यावर ढकलताय आणि वर्षाने तिथून काही निघालं नाही की "बघ, मी म्हटलंच होतं" म्हणायला मोकळे. पोरगी तेव्हा काय समजेल? कोर्स फालतू होता असं नाही समजणार, मीच फालतू आहे असं समजेल.

आता तिचा सॉफ्टवेअरचा प्रश्न, कारण हा घोळ नव्वद टक्के पालकांच्या डोक्यात असतो. माया, अनरियल अशी सॉफ्टवेअर आली की अ‍ॅनिमेटर झाला, असं नसतं हो. तुमच्या दुकानात पोरगं कामाला येतं, वाइंडिंग मशीनवर वेटोळी घालायला महिन्याभरात शिकतं, पण मोटर का जळाली हे ओळखायला त्याला किती वर्षं लागतात? इथेही तेच. आणि सॉफ्टवेअरसाठी लाखो रुपये भरायची गरजच राहिली नाहीये, ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २०२५ चा अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरवरच केलेला आहे. शिकायचं असतं ते वेगळंच. सेकंदाला २४ फ्रेम असतात, चेंडू उडवायचा तर वर पोचताना चित्रं जवळजवळ काढायची आणि खाली येताना लांबलांब, रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा दोन्ही नुसते गोलच, पण बघणाऱ्याला वजन कळलं पाहिजे. हे ज्याला येतं त्याला कुठलंही सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं, उलटं होत नाही. स्टुडिओत फ्रेशरची शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाची फिल्म बघतात, मिनिटभराची, त्यात पहिले दहा सेकंद बेकार असले की पुढची फाईल उघडतात. सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे ते कोणी बघत नाही.

मुलीने केलेली अ‍ॅनिमेशनची जी क्लिप तुम्ही "मोबाईलवरचा टाइमपास" म्हणून जोडलीत ना, ती मी परत परत लावून बघितली. आजी जमिनीवरून उठतीये. आधी एक हात गुडघ्यावर, मग थांबते, मग दुसरा हात भिंतीला, आणि उठायच्या आधी थोडीशी पुढे झुकते, पदर सावरायला शेवटी अर्धा सेकंद. हे मुलीला कोणी शिकवलेलं नाही, तिने घरात बघितलंय. बाकी क्लिपमधे प्रॉब्लेम भरपूर आहेत, नंतरची चाल बर्फावर घसरल्यासारखी आहे आणि चेहरा कुठल्यातरी जपानी कार्टूनवरून उचललाय. ते सुधारतं. आजीचा तो थांबा बघायची नजर मात्र पैसे भरून मिळत नाही.

पुण्याच्या आयटीतल्या भाच्याने "एआय सगळं खाणार" असं सांगितलंय म्हणता. अर्धं बरोबर आहे. रोटो, पेंट, क्लीनअप (शॉटमधली आकृती कापून वेगळी करणं, नको ते पुसणं), ही आपल्याकडे फ्रेशरला मिळणारी पहिली कामं आणि तीच सगळ्यात आधी मशीनकडे जातायत, आणि गंमत म्हणजे घाईच्या कोर्समधे पोरांना नेमकं हेच शिकवतात! धंद्याची बाजूपण लपवत नाही. फेब्रुवारी २०२५ मधे सिनेमांचे इफेक्ट्स करणाऱ्या टेक्निकलर कंपनीचा डोलारा कोसळला तेव्हा बेंगळुरूतल्या हजारो लोकांचं काम गेलं, वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते त्यात. सुरुवातीचा पगार तुमच्या भाच्याच्या पगारासमोर किरकोळ वाटेल. डेडलाईनला रात्री जागायला लागतं. हे सगळं तिलापण वाचून दाखवा.

गेमचं थोडं वेगळं आहे. सरकारने गेमिंग बंद केलं असं कोणी म्हणत असेल तर ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे, गेम बनवण्यावर नाही. पण गेममधे जायचं तर कोडिंग करायचंय की चित्र, हे आधी ठरवा, दोन वेगळी माणसं लागतात त्याला. आणि एक वर्षाचा हिशोब तर इथे विसराच, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स कंपनीने 'राजी' हा गेम केला, त्यासाठी २०१७ मधे लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, गेम आला २०२० मधे. तिला गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट डाऊनलोड करून द्या, एक उडी मारणारा ठोकळा बनवायला सांगा. दोन आठवड्यांत कंटाळली तर कोडिंगचं उत्तर मिळालं. मला विचाराल तर क्लिप बघून ती अ‍ॅनिमेशनवाली वाटते.

परीक्षांचं सगळीकडे लिहिलेलं असतं, आयआयटी मुंबईच्या बी.डेस या डिझाईनच्या डिग्रीसाठी यूसीड, एनआयडी या डिझाईन संस्थेसाठी डीएटी, आर्ट कॉलेजच्या बीएफए या कलेच्या डिग्रीसाठी एएसी सीईटी, कुठल्याच ठिकाणी सायन्सचे मार्क आडवे येत नाहीत. मुंबईत आयआयसीटी ही अ‍ॅनिमेशन-गेमिंगची संस्था निघालीये, पण नवीन आहे, एखाद-दोन बॅच बाहेर पडू देत. तिला मी बीएफए सुचवेन, सरकारी कॉलेज मिळालं तर तुमच्या त्या ३ लाख ८० हजारात चार वर्षांची फी निघून वर लॅपटॉपपण येईल बहुतेक. यंदाची अ‍ॅडमिशन हुकली असेल तर हे वर्ष घरी स्केचिंगला द्या. रोज बाहेर बसून माणसं काढायची, एसटी स्टँडवर, चंद्रभागेच्या वाळवंटात, तुमच्या दुकानातपण, वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ काढायला भारी असते. एकादशीच्या गर्दीत तर मॉडेलची कमीच नाही तुमच्याकडे. डिग्री हवीच, पुढे बाहेरदेशी जायचं तर व्हिसाला विचारतात.

तिला सांगा की वर्षाची अट गेली. तोंडाने सांगा, मेल फॉरवर्ड करून नाही. पैशाची मर्यादा जरूर सांगा, "एवढेच आहेत" हे ऐकून मुलं शहाणी होतात.

आणि त्या इन्स्टिट्यूटमधे तरीही जायचंच असेल तर बुकिंगचे पैसे न भरता जा. मागच्या बॅचच्या पाच मुलांच्या शोरील दाखवा म्हणा, आणि त्याच पाच जणांचे फोन नंबर मागा. जॉब गॅरंटी लेटरहेडवर मागा, पगाराच्या आकड्यासकट आणि नाही लागला तर फी परत या ओळीसकट. बहुतेक मॅनेजर मीटिंगमधे आहेत असं उत्तर येईल, तेव्हा चहा घ्या आणि पुढची पंढरपूर गाडी पकडा.