‘त्याला खाली कळतच नाही, मग कोलोनोस्कोपीत त्रास कसला?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाच्या मानेच्या मणक्याला नऊ वर्षांपूर्वी मार बसला, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. गेले काही महिने शौच काढताना ग्लोव्हजला रक्त लागतंय, म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगितली आहे. घरचे म्हणतात, छातीखाली त्याला काही कळतच नाही, त्याला कसला त्रास होणार, एक दिवसाचं काम आहे, उरकून टाकू. असं चालेल का?

कोलोनोस्कोपी नक्की करा, पुढे ढकलू नका. पण एक दिवसाचं काम समजून जाऊ नका. आणि ‘त्याला कळत नाही’ हे वाक्य तर डोक्यातून काढूनच टाका. मी त्याच वाक्यावर विसंबून गेले होते.

मी 51 वर्षांची आहे. 2008 साली गच्चीवरून पडले आणि छातीच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जू दुखावला. डॉक्टर त्याला डी-4 म्हणतात. छातीच्या मध्यापासून खाली मला स्पर्श कळत नाही. दिवसाआड सकाळी सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) ठेवायची, वीसेक मिनिटं थांबायचं आणि मग बोटाने शौच काढायचं, असा आमचा नेम आहे. माझी जाऊ हे सगळं करते, सोळा-सतरा वर्षं झाली. रक्त तिलाच आधी दिसलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष घालवलं. बोटाने शौच काढणाऱ्यांना मूळव्याध असते, आतून ओरखडेही येतात, त्यामुळे हा अंदाज अगदीच चुकीचा नसतो. शौचातलं रक्त शोधायची साधी तपासणीसुद्धा आपल्यासारख्यांमध्ये याच कारणाने पुष्कळदा पॉझिटिव्ह येते. पण मूळव्याध आहे म्हणून आत दुसरं काही नाही, असं होत नाही. आणि पोटात दुखून शरीर आपल्याला वेळेत सावध करेल ही सोयही आपल्याकडे नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते योग्यच आहे.

पहिली तपासणी जिथे झाली त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. त्यांनी सगळ्या पेशंटना देतात तोच कागद हातात दिला. आदल्या दिवशी हलकं जेवण, संध्याकाळी पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची, सकाळी उपाशीपोटी यायचं. चालत्या-फिरत्या माणसाला एवढं पुरतं. आपलं मोठं आतडं मुळातच संथ चालतं, इतरांना जे दीड-दोन दिवसांत होतं त्याला आपल्याला कित्येक दिवस लागतात. एका संध्याकाळच्या पावडरीने ते कसं साफ होणार? वर पावडरीने जुलाब सुरू झाले की ते रोखून धरणं आपल्या हातात नसतं. रात्रभर मी प्लास्टिकच्या कमोड खुर्चीवर बसून होते, दर वेळी उचलून ठेवणं जमत नव्हतं म्हणून. पहाटे जावेने पाहिलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग पडला होता आणि दाबूनही तो पांढरा होत नव्हता. त्याचा बेडसोर झाला आणि तो भरायला अडीच महिने लागले. एका रात्रीची किंमत ती.

सकाळी टेबलावर घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं. झोपेचं इंजेक्शन हलकंच दिलं होतं, मी जागी होते. नळी आत गेली, हवा सोडायला सुरुवात झाली. पोटात मला काहीच जाणवलं नाही. आधी नाक चोंदलं. मग दोन्ही हातांवरचे केस उभे राहिले. कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन चादरीवर टपकला आणि त्याच वेळी मागून डोक्यात घण घातल्यासारखं दुखायला लागलं. नर्स म्हणाली, ‘घाबरू नका हो ताई, झालंच.’ मी घाबरले नव्हते. माझं नेहमीचं बीपी 95 च्या आसपास असतं. मॉनिटरवर 178 दिसत होते. दाराशी थांबलेल्या जावेने माझा चेहरा पाहिला, लालभडक आणि घामाने भिजलेला, आणि ती सरळ आत घुसली. ‘डोकं वर करा, पाय खाली सोडा, आणि लघवीची नळी बघा,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. नळी माझ्याच मांडीखाली चेपली होती. पिशवीत थेंब नव्हता, मूत्राशय तट्ट फुगलेलं. मांडी उचलल्याबरोबर पिशवी भरायला लागली, डॉक्टरांनी आतली हवा ओढून घेतली, आणि पाच-सात मिनिटांत आकडा उतरला. तपासणी तिथेच थांबवली. आत मळ इतका होता की तसंही काही दिसत नव्हतं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, बोलताना एडी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या दुखापतीत याचा धोका असतो, म्हणजे तुमच्या भावाला तो आहेच. होतं असं की आतडं किंवा मूत्राशय फुगलं की त्याचा निरोप मज्जारज्जूतून वर निघतो. दुखापतीपाशी तो अडतो, मेंदूला समजत नाही. पण दुखापतीच्या खाली तो पोचलेलाच असतो, आणि तिथल्या नसा रक्तवाहिन्या आवळून धरतात. बीपी झपाट्याने चढतं. ‘सैल सोडा’ हा मेंदूचा हुकूम खालपर्यंत उतरत नाही. मेंदूच्या हातात उरतं ते एवढंच की हृदयाचे ठोके कमी करायचे आणि दुखापतीच्या वरच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या. म्हणून चेहरा लाल होतो, घाम फुटतो, नाक चोंदतं, आणि नाडी मात्र संथ पडते. वेळीच आवरलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झोपेच्या इंजेक्शनखालीही हे होऊ शकतं. मेंदू झोपतो, मज्जारज्जू झोपत नाही. तेव्हा भाऊ गाढ झोपलेला असेल आणि ‘डोकं दुखतंय’ हे सांगणारं कुणी नसेल, तर मॉनिटरवरचा आकडा हीच त्याची बोली समजा.

आणि त्या आकड्याचा अर्थ लावायला त्याचं नेहमीचं बीपी माहीत हवं. 130 पाहून कुणीही ‘नॉर्मल आहे’ म्हणेल. ज्याचं रोजचं 90 आहे त्याला 130 म्हणजे धोक्याची घंटा. बीपीचा वरचा आकडा नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढला की एडी समजून हालचाल करायची. आजपासून आठवडाभर त्याचं बीपी सकाळ-संध्याकाळ, बसून आणि आडवं असताना मोजून लिहून ठेवा. मला हे सगळं मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत 2008 सालीच शिकवलं होतं. इतकी वर्षं मोठा झटका आला नाही म्हणून मी ते विसरले. जाऊ विसरली नव्हती.

दुसऱ्यांदा मी दुसरीकडे गेले आणि आधी डॉक्टरांना भेटून अर्धा तास बोलले. त्यांनी तयारीसाठी तीन दिवस आधी भरती करून घेतलं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतही मणक्याच्या पेशंटना तयारीसाठी असं आधी भरती करून घेतात, ही काही माझी ऐश नव्हती. तुम्हीही हट्टाने भरती मागा. आठवडाभर आधी लोहाच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्याने मळ काळा आणि चिकट होतो. पाच दिवस मऊ भात, दही, सालं काढलेला बटाटा. भाकरी, पालेभाजी, पेरू, तीळ, काकडी सगळं बंद. शेवटचे दोन दिवस फक्त पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, लिंबू सरबत. कोकम सरबत मला फार आवडतं, पण ते चालत नाही, आतून लाल दिसतं आणि रक्ताचा भास होतो. पावडर दोन दिवसांत विभागून दिली, शेवटचा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे. एनिमा आपल्यात फारसा उपयोगी पडत नाही, आत धरून ठेवता येत नाही. शिवाय फॉस्फेटवाली औषधं किडनीला जड जातात. भावाला किडनीचा किंवा लघवीच्या संसर्गाचा इतिहास असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध कोणतं आणि किती, हे त्यांनीच ठरवायचं. तुम्ही फक्त ‘नेहमीचा कागद चालणार नाही’ यावर ठाम राहा.

या वेळी मला कमोडवर बसवलंच नाही. पलंगावर डाव्या कुशीला, खाली अंडरपॅड, माकडहाडाला आणि मांड्यांना झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर, आणि दोन-दोन तासांनी कूस बदलणं. जाऊ आणि आमच्याकडच्या मावशी आळीपाळीने जागल्या. भावासाठी दोन माणसांची तयारी ठेवा, एकट्याने हे होत नाही. रात्री एकदा जावेला रडू आलं, थकव्यानेच. मी तिचा हात धरून नुसती पडून होते. तुमच्या घरात जी व्यक्ती हे करते तिला त्या दिवसांत दुसरं कुठलंही काम सांगू नका.

एवढं पाणी पोटात गेल्यावर लघवीही भरपूर होते. भाऊ चार-सहा तासांनी कॅथेटर (लघवीची नळी) घालत असेल तर त्या दिवसांत ते कमी अंतराने करावं लागेल. तपासणीच्या वेळी लघवीची नळी ठेवलेलीच बरी, आणि टेबलावर कुशीला वळवल्यावर ती कुठे दबली नाही ना हे कुणीतरी हाताने चाचपून पाहायचं. उपाशीपोटी यायचं म्हणून बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा आणि पाय आपोआप उडणं कमी करणारी गोळी, चुकवू नका. ते एकदम बंद केलं तर पाय भयंकर उडतात आणि इतरही गंभीर त्रास होतो. ती गोळी घोटभर पाण्यासोबत चालेल का, हे आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर मात्र ती कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांशी बोलताना मी जे मागितलं ते तुम्हीही मागा. सकाळचा पहिला नंबर. भूलतज्ज्ञ हजर हवेत, कारण मानेच्या दुखापतीत श्वासाचे स्नायू आधीच कमजोर असतात आणि झोपेचं औषध जपून द्यावं लागतं. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, तो लवकर शोषला जातो आणि पोट फुगलेलं राहत नाही. तपासणीची नळी घालण्याआधी लिग्नोकेन जेली (जागा बधिर करणारी) लावून थोडं थांबणं. बीपी दर दोन-तीन मिनिटांनी. डोक्याकडून वर करता येणारं टेबल. लॅटेक्स नसलेले ग्लोव्हज, कारण वर्षानुवर्षं कॅथेटर वापरणाऱ्यांमध्ये रबराची ॲलर्जी पुष्कळ आढळते. आणि घरचं एक माणूस आत. यावर थोडी कुरकुर होईल, पण सोडू नका. अजून एक गोष्ट, जरा नाजूक आहे पण भावाला एकट्यात नक्की विचारा. तो लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतो का? एडीमध्ये बीपी उतरवायला कधीकधी नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, देतात, आणि ही गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर दोन्ही मिळून बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेक पुरुष ती घेतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्या दुसऱ्या तपासणीत बीपी एकदा 132 पर्यंत चढलं. डॉक्टर थांबले, हवा ओढली, डोकं वर केलं, दोन मिनिटांत उतरलं, पुन्हा पुढे गेले. आत दोन सेंटिमीटरचा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) मिळाला, पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या जातीचा. तिथेच काढला. मूळव्याधही होतीच, त्याच्या जोडीला.

घरी आल्यावरचे दोन दिवस ढिले सोडू नका. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका थोडाच असतो, पण इतरांना लगेच पोटात दुखतं, आपल्याला नाही. म्हणून पोट टणक फुगणं, ताप, नाडी वेगाने चालणं, पाय नेहमीपेक्षा जास्त उडणं, पुन्हा पुन्हा एडी, किंवा खांद्याच्या टोकाला कारण नसताना दुखणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. खांद्याचं विशेष लक्षात ठेवा. पोटातल्या बिघाडाची वेदना तिथे जाणवू शकते, मानेच्या दुखापतीतही. शौचाचा नेम पुन्हा बसायला चार-सहा दिवस लागतात, ते मात्र साहजिक आहे.

मी एक कार्ड लॅमिनेट करून व्हीलचेअरच्या पाठीला अडकवलं आहे. मजकूर जसाच्या तसा देते, लेव्हल आणि आकडे भावाचे घाला:

‘माझ्या मज्जारज्जूला डी-4 ला दुखापत आहे. माझं नेहमीचं बीपी 95/60. घाम, लाल चेहरा, डोकेदुखी आणि 115 च्या वर बीपी म्हणजे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. हातातलं काम थांबवा. मला बसतं करा, पाय खाली सोडा, कपडे आणि पट्टे सैल करा. लघवीची नळी तपासा. मग आतडं. मग त्वचा. दर दोन मिनिटांनी बीपी घ्या. उतरलं नाही तर बीपीचं औषध द्या. मला दुखत नाही, पण मला त्रास होतो आहे.’