रंग उजळून द्या, म्हणतात

प्रश्न: मावशी, विजापूर रोडला घराच्याच पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. मागच्या लग्नसराईत एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. म्हणाली, "पाहुणे बघायला यायचेत, तोवर रंग उजळला पाहिजे." एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली 'फॉर्म्युला क्रीम' मी तिला दिली. डबीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. थोड्या दिवसांत मुलगी खरंच उजळ दिसायला लागली. आता क्रीम थांबवली की तिचा चेहरा लालबुंद होतो, आग होते, गालांवर लव आलीय. आई पुन्हा तीच डबी मागतेय. माझे मिस्टर म्हणतात, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, आपण नाही दिलं तर पुढच्या गल्लीत मिळतंच. माझं खरंच चुकतंय का?
— एक पार्लरवाली, सोलापूर

उत्तर: अगं, आधी त्या मुलीचं बघू. तुझा प्रश्न दोन दिवस थांबेल, तिचा चेहरा थांबणार नाही.

दुसरी डबी अजिबात देऊ नकोस. आहे ती डबी बरोबर देऊन तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठव. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत. जमलं तर तू स्वतः सोबत जा, क्रीम कधीपासून आणि किती वेळा लावली हे डॉक्टरांना सांगायला. तू लिहिलेली लक्षणं स्टिरॉइडची वाटतात. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, मुरमं येतात, लव वाढते, आणि कातडीला त्याची सवय लागते. क्रीम कशी सोडवायची हे डॉक्टरांनाच ठरवू दे. याच गैरवापरामुळे 2018 साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची 14 स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. बिनलेबलच्या क्रीममध्ये पाराही सापडतो. तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. डबी कुठून आली ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांग, आणि विक्रेत्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे कर.

आता तुझा प्रश्न. हो, चुकलं. पण सगळं तुझ्या एकटीच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. घरची एक खोली आणि हातातली कला एवढ्यावर बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारे धंदे आपल्याकडे किती आहेत? तुझं पार्लर बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही. नटणं वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. गड्ड्याच्या जत्रेला निघताना केसांत गजरा माळणारी, मेंदीचे हात दहादा उलटसुलट करून बघणारी मुलगी सुखात असते. त्या सुखाला नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत.

पण तुझ्याकडे आलेली ती मुलगी सुखासाठी आली नव्हती. ती आणली गेली होती. तू पत्रात तिच्या आईचं बोलणं लिहिलंस, पाहुण्यांचं लिहिलंस, मिस्टरांचंही लिहिलंस. मुलगी काय म्हणाली, याबद्दल एक ओळ नाही. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं म्हणतात, मग इथे गिऱ्हाईक कोण? पैसे आईने दिले, पसंती पाहुणे देणार, आणि कातडी मुलीची जळाली. इथून पुढे खुर्चीत कुणीही बसलं की मनात एवढं विचार: हिने हे केलं नाही तर हिचं काय होईल? काहीच होणार नसेल तर ती हौस आहे, खुशाल कर. लग्न मोडेल, नोकरी जाईल, घरात बोलणी बसतील असं उत्तर आलं, तर ती हौस राहत नाही. भीतीपोटी मागितलेली गोष्ट 'तिची निवड' म्हणून विकणं मला पटत नाही.

"पुढच्या गल्लीत मिळतंच" यावर तर मला जास्तच बोलायचंय. आपल्या आयांच्या पिढीत किती जणी भुवया कोरायच्या? आज कोरल्या नाहीत तर पोरीला गबाळी म्हणतात. आधी काही जणी हौसेने करतात, मग बऱ्याच जणी करतात, आणि मग न करणारीकडे बोट दाखवलं जातं, जणू तिच्या वागण्यातच काही खोट आहे. हा उंबरठा कुणी एकाने उंच केलेला नाही, पण तो उंच करणाऱ्या हातांत तुझेही हात आहेत, माझेही आहेत. फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली आणि गोरेपणाला यशाची पायरी म्हणून विकत राहिली. 2020 साली नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. मागणी मात्र तीच राहिली, हे तुझ्याकडे येणाऱ्या आयांवरूनच दिसतंय.

आणि ही मागणी पुरवता येण्यासारखीही नाही. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात याचा. ते मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडीला वाचवतं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, ते अंगात असणं ही केवढी सोय आहे! फार तर उन्हाने आलेला काळपटपणा जाईल. त्यासाठी गिऱ्हाइकाला दंडाची आतली बाजू दाखव. ऊन न लागलेला तिथला रंग हा तिचा मूळ रंग, त्यापलीकडे कुठलंही फेशियल नेत नाही. ब्लीचनेही मुख्यतः चेहऱ्यावरची लव फिकी होते, म्हणून चेहरा उजळ भासतो. हे तुला ठाऊकच असेल. आता तोंडाने सांगायला लाग.

काही जणी अशा वेळी पंढरपूरच्या सावळ्या विठोबाचा दाखला देतात. मी देणार नाही. देवाचा रंग सांगून पोरीला आलेला नकार परत घेतला जात नाही, उलट तिचं दुःख बोलायचीही चोरी होते. तिच्या रंगात काही कमी नाही. तिला रंगावरून नाकारणारं घर अन्याय करतंय, असं सरळ तिच्या आईसमोर म्हण. आईचाही राग करू नकोस. रंग उजळला नाही तर हुंडा वाढेल या धास्तीत ती बाई असेल, आणि हुंडा मागणं 1961 पासून गुन्हा असूनही ती धास्ती खोटी नाही.

पार्लरचं म्हणशील तर दरपत्रकावरून 'व्हाइटनिंग' काढ, आणि त्याच गोष्टीला 'ग्लो' म्हणून परत लावू नकोस. फॉर्म्युला, बिनलेबलचं सगळं बंद. सावळ्या कातडीचा मेकअप नीट शिकून घे. आपल्याकडे नवरीला दोन शेड फिकं फाउंडेशन थापतात, मग फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळीच. गळ्याशी जुळणारी शेड लावणारी बाई म्हणून तुझं नाव झालं, तर माझ्या मते लग्नसराईत तुला काम कमी पडणार नाही. काही गिऱ्हाइकं जातील, हे मी लपवत नाही. मिस्टरांना आत्ताच कल्पना दे.

त्या मुलीचे क्रीमचे पैसे परत कर आणि डॉक्टरांचा पहिला खर्च तू उचल. आईला बाहेर बसवून मुलीशी दोन शब्द बोल. डबीत काय होतं ते तुला माहीत नव्हतं, तरी दिलीस, हे तिला सांग. ती रागावली तर रागावू दे. तिने विचारलं की मला लग्नात नटवशील का, तर हो म्हण.