फोन असताना भटकंतीसाठी जीपीएस घड्याळ घ्यावं का, आणि त्यावर किती विसंबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगरभटकंती आणि ट्रेल रनिंग सुरू केलंय, खिशात चांगला फोन आहे, मग मनगटावर वेगळं जीपीएस घड्याळ घेण्यात अर्थ आहे का? आणि घेतलं तर त्याच्यावर कितपत विसंबावं?

अर्थ आहे, आणि माझ्या मते भरपूर आहे. नुसते किलोमीटर आणि कॅलरी मोजायच्या असतील तर मात्र फोन पुरतो. मी घड्याळ वापरते ते मुख्यतः एकाच कामासाठी: ठरवलेल्या वाटेवर आहोत की नाही, हे चालता चालता कळावं म्हणून. फोनलाही हे जमतं, नकाशा तर फोनवरच नीट दिसतो. पण फोन काढायचा म्हणजे थांबा, काठी बगलेत धरा, हातमोजा काढा, खिशाची चेन उघडा, पाऊस असेल तर ओल्या स्क्रीनशी झटापट करा. दमलेला माणूस हे सगळं टाळतो. ‘जरा पुढे जाऊन बघू’ म्हणतो, आणि वाट सुटते ती तिथेच. मनगट वळवायला काहीच कष्ट नसतात, त्यामुळे दर दोन-चार मिनिटांनी सहज नजर जाते. वाट सुटल्याचं वीस-तीस मीटरवर कळणं आणि अर्ध्या तासाने कळणं, यातला फरक उन्हं उतरायला लागल्यावर चांगलाच जाणवतो.

पण घड्याळाला वाट आपोआप माहीत नसते. ती आदल्या रात्री आपणच त्यात भरायची असते, आणि माझ्या दृष्टीने खरं काम तेच आहे. कुठून तरी जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेची नोंद (ट्रॅक) साठवलेली फाइल, उतरवून घेतली आणि घड्याळात टाकली, एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या ट्रॅकमध्ये त्याची सगळी भटकाभटकही नोंदलेली असते. तो पाणी शोधायला ओढ्यात उतरला असेल, चुकीच्या धारेवर जाऊन परत आला असेल, फोटोसाठी कड्याच्या टोकापर्यंत गेला असेल. तुमच्या घड्याळावर ते सगळं ‘वाट’ म्हणूनच दिसणार. म्हणून ट्रॅक आधी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेल्या नकाशावर ठेवून पाहा. जिथे कंटूर रेषा एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि ट्रॅक त्यांना सरळ छेदून वर जातो, तिथे खरोखर पायवाट आहे की कातळ चढायचा आहे, हे घरीच शोधून काढा. ट्रॅक कोणत्या ऋतूतला आहे तेही बघा. कोरड्या दिवसांत सहज ओलांडलेला ओढा पावसानंतर छातीएवढा असू शकतो.

मग खुणा टाका. फाटे, पाण्याच्या जागा, ओढा ओलांडायची जागा. आणि एक खूण अशी, जिथे ठरलेल्या वेळेत पोहोचलो नाही तर तिथूनच मागे फिरायचं. ही खूण मी कधीच वगळत नाही, कारण हा निर्णय घरी शांत डोक्याने जसा घेता येतो तसा शिखर समोर दिसत असताना घेता येत नाही. बहुतेक घड्याळांत सूर्यास्ताला किती वेळ उरला हे दाखवता येतं. तो आकडा माझ्या मुख्य स्क्रीनवर असतो, वेगाचा नसतो.

हे प्रत्यक्षात कसं उपयोगी पडतं ते सांगते. एका रुंद पठारावर आम्हाला दाट धुकं लागलं, दहा पावलांपुढचं दिसेना. पायाखाली चांगली मळलेली वाट होती, सगळे तिच्यावरूनच चालले होते. मनगटावर घड्याळ थरथरलं, मार्ग सुटल्याची सूचना आली. स्क्रीनवर आमचा बाण रेघेच्या डावीकडे होता आणि खाली अंतर दिसत होतं: ३० मीटर. आणखी थोडं चाललो तर ४५, मग ६०. आकडा सतत वाढत होता म्हणून लगेच मागे फिरलो. बाण पुन्हा रेघेला टेकला तिथे उजवीकडे गवतात एक पुसट पायवाट निघाली होती. मळलेली होती ती गुरांची वाट. यात लक्षात ठेवण्यासारखं हे, की पंधरा-वीस मीटरचा फरक दिसला आणि तो तसाच राहिला, तर बहुधा ती जीपीएसची चूक असते किंवा मूळ ट्रॅकच तेवढा सरकलेला असतो. फरक प्रत्येक पावलागणिक वाढत चालला असेल तर वाट सोडलेली असते आपण.

आता विसंबण्याचा प्रश्न. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा ठरवायला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. घड्याळ मोजतं ते संदेश पोहोचायला लागलेला वेळ, आणि त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. इतकं नाजूक काम इतक्या दुरून आलेल्या अतिशय क्षीण संदेशांवर चालतं, हे ध्यानात घेतलं की घड्याळ कुठे गडबडेल याचा अंदाज आपोआप येतो. उघड्या माळावर ते चार-पाच मीटरच्या आत असतं. अरुंद घळीत, उभ्या कड्याला चिकटून किंवा ओल्या दाट झाडीत आकाश थोडंच दिसतं, संदेश खडकावर आपटून उशिरा पोहोचतो, आणि तुम्ही वाटेवर असूनही बाण दरीत दिसतो. नव्या घड्याळांत अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू या तशाच यंत्रणांचेही उपग्रह वापरता येतात, आणि काहींत दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम ऐकण्याची सोय असते. या दुसऱ्या सोयीने कड्याखालची गडबड बरीच कमी होते. घळीतून आणि कड्यांखालून बरंच चालणार असाल तर त्यासाठी जास्त पैसे मोजणं मला योग्य वाटतं. माळरानावर धावणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.

मनगटावरचं पहिलं जीपीएस घड्याळ कॅसिओने १९९९ मध्ये आणलं. तेव्हा नागरी वापराच्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे होई. ती चूक मे २००० मध्ये बंद केली गेली. आज आपण धुक्यात तीस मीटरच्या फरकावर निर्णय घेऊ शकतो, त्याची सुरुवात तिथून झाली.

सुरुवात करताना घाई करू नका. घड्याळ आदल्या दिवशी फोनशी सिंक केलं असेल तर पुढच्या काही दिवसांत उपग्रह कुठे असतील याची माहिती त्यात आलेली असते, आणि मग ते काही सेकंदांतच जागा पकडतं. बरेच दिवस सिंक केलं नसेल तर ही माहिती त्याला थेट उपग्रहांकडून, संथपणे घ्यावी लागते. त्या वेळी झाडाखाली उभं राहिलं किंवा चालायला लागलं तर आणखी उशीर होतो. मोकळ्या जागी उभं राहा, जागा पकडल्याची खूण येऊ द्या आणि मगच नोंद सुरू करा.

दिशेची एक गंमत अनेकांना माहीत नसते. फक्त जीपीएसवर चालणाऱ्या घड्याळाला आपण कुठे तोंड करून उभे आहोत हे कळत नाही, कुठून कुठे सरकलो एवढंच कळतं. फाट्यावर थांबून बाण कुठे दाखवतोय ते पाहत बसलात तर तो भलतीकडेही दाखवेल. पंधरा-वीस पावलं सरळ चाला, मग बघा. घड्याळात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असेल तर उभ्यानेही दिशा कळते, पण ते अधूनमधून हवेत आठचा आकडा काढून जुळवून घ्यावं लागतं. काठीची लोखंडी मूठ किंवा चुंबकाचं बक्कल जवळ असेल तर ते फसतं.

उंचीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण घड्याळाचा हा भाग मला सर्वांत आवडतो. जीपीएसने काढलेली उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात, खालून मोजायला कोणी नसतं. म्हणून चांगल्या घड्याळात बॅरोमीटर असतो, तो हवेच्या दाबावरून उंची काढतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. पण दाब हवामानानेही बदलतो, आणि दाब उतरला तो आपण चढलो म्हणून की हवा बदलली म्हणून, हे घड्याळाला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून उंची नक्की माहीत असलेल्या खिंडीत किंवा माथ्यावर पोहोचलात की आकडा दुरुस्त करून घ्या.

याच दोषाचा उपयोगही करून घेता येतो. रात्री तंबूत शिरताना उंची बघून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. तुम्ही जागचे हलला नाहीत, तरी घड्याळ म्हणतंय की चाळीस मीटर वर आलात? म्हणजे रात्रीत दाब पाचेक हेक्टोपास्कलने उतरलाय, हवा बिघडण्याची शक्यता आहे. अशा सकाळी मी उघड्या धारेवर जाण्याचा बेत पुन्हा तपासते. वादळाची सूचना देण्याची सोयही याच तत्त्वावर चालते. मात्र तुम्ही झपाट्याने चढत असाल तर ती उगाच वाजू शकते. बॅरोमीटरची बारीक छिद्रं घाम, चिखल, सनस्क्रीनने बुजतात, तेव्हा घरी आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धुऊन घ्या.

बॅटरी वाचवायला बऱ्याच घड्याळांत जागा क्वचित नोंदवण्याचा पर्याय असतो. तो वापरा, पण काय गमावताय ते कळू द्या. ताशी पाच किलोमीटरने चालताना मिनिटाला ८० मीटरच्या वर अंतर कापलं जातं. मिनिटातून एकच बिंदू घेतला तर नागमोडी घाटवाटेची सगळी वळणं सरळ रेषांत कापली जातात, अंतर कमी भरतं, आणि त्याच ट्रॅकवरून परत यायचं असेल तर रेघ झाडाझुडपांतून गेलेली दिसते. एका दिवसाच्या वाटेला मी दर सेकंदाची नोंदच ठेवते. त्याऐवजी स्क्रीन सतत उजळ ठेवणं, फोनच्या सूचना आणि रात्रंदिवसाचं नाडीमापन बंद करते. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून घड्याळ बाहीच्या आत, अंगाच्या उबेला राहू द्या. चार्जिंगची केबल मात्र विसरू नका. बहुतेक कंपन्यांची केबल वेगळीच असते आणि सोबत्याकडे ती असेलच असं नाही.

हृदयाचे ठोके मनगटावर हिरव्या प्रकाशाने मोजले जातात. थंड हात, सैल पट्टा किंवा काठीवर आवळलेली मूठ असेल तर आकडा चुकतो. चढावर किती जोर लावायचा हे त्यावरून ठरवणार असाल तर छातीचा पट्टा घ्या.

परत येण्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. ‘सुरुवातीकडे परत’ या पर्यायात दोन प्रकार असतात: आलो त्याच वाटेने, किंवा सरळ रेषेत. दुसरा प्रकार डोंगरात घातक आहे. मध्ये कडा आहे की दरी, याच्याशी त्या सरळ रेषेला काही देणंघेणं नसतं. तुमच्या घड्याळात कोणता प्रकार सुरू होतो, हे घराजवळच्या मैदानात तपासून ठेवा.

आणि घड्याळ असल्याने कोणी तरी आपल्याला शोधून काढेल, असं समजू नका. जीपीएस फक्त ऐकतं, तुमची जागा कोणालाही कळवत नाही. मदत मागायला मोबाइलची रेंज किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं उपकरण लागतं. नव्या काही घड्याळांत ती सोय आलीये, पण प्रत्येक देशात ती चालत नाही, आणि काही देशांत अशी उपकरणं बाळगायला परवानगी लागते. रेंज मिळाली तर घड्याळावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवायचे, आणि ते वाचण्याची पद्धत आधी शिकून घ्यायची. ४५.५० अंश म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं. फोनवर घाईत कोणी ते ‘४५ अंश ५० मिनिटं’ असं लिहून घेतलं तर अक्षांशात २० मिनिटांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून ‘दशांश अंश’ हे शब्द उच्चारून मग आकडे एकेक करून सांगा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

नोंदवलेला ट्रॅक सगळ्यांसमोर टाकताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवा, म्हणजे तुमचं घर उघड होणार नाही. स्ट्राव्हा या व्यायामाचे ट्रॅक नोंदवणाऱ्या ॲपच्या सार्वजनिक नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या रेघांमुळे लष्करी तळांच्या जागा दिसत असल्याचं २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं होतं.

घड्याळ निवडताना मी या क्रमाने बघेन: बाहेरचा ट्रॅक टाकता येतो का, हातमोज्यातून दाबता येतील अशी बटणं आहेत का, जीपीएस सुरू ठेवून बॅटरी तुमच्या सर्वांत लांब दिवसाच्या दीडपट टिकते का, बॅरोमीटर आहे का. घड्याळातच नकाशा असेल तर उत्तम, पण नुसती रेघ दाखवणारं घड्याळही चालेल, कारण फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि सॅकमध्ये कागदी नकाशा व साधं होकायंत्र तसंही असायलाच हवं. घेतल्यावर पहिल्या काही वेळा ओळखीच्या वाटेवरच न्या. ट्रॅक टाकून मुद्दाम वाट सोडा, घड्याळ किती मीटरवर सांगतं ते बघा, आणि एकदा अंधारात, हातमोजे घालून अक्षांश-रेखांशाची स्क्रीन उघडता येते का तेही करून पाहा.