टाचेमागची दोरी

प्रश्न : मी रोज पळते, हल्ली सकाळी उठल्यावर टाचेच्या मागे ताठरल्यासारखं होतं. ती शीर तुटेल का हो?

उत्तर : ताई, ती शीर नाही, कंडरा आहे, म्हणजे टेंडन, पोटरी टाचेच्या हाडाला बांधणारी. चिमटीत धरून बघा, सुंभासारखी लागते. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे, धाग्यांच्या जुड्या, आणि आराम असताना ते नागमोडी असतात, म्हणून सुरुवातीला साधारण २ टक्के लांबेपर्यंत नुसत्या घड्याच सरळ होतात नि मग ती एकदम कडक होते. ८-१० टक्क्यांच्या आसपास तुटायची भीती. पळताना ताणून साठवलेली बहुतेक ऊर्जा ती परत देते, मला हे फार भारी वाटतं! पण रक्तपुरवठा कमी, भरून यायला महिने लागतात. सध्या पळणं कमी करा, फिजिओला दाखवा. अचानक 'फट्' झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.