भरीत शिजलं, पात कच्चीच राहिली

हिवाळ्यात भरिताची वांगी बाजारात आली की त्यासोबतच्या कच्च्या पाल्याबद्दलची पत्रंही येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले हे प्रश्न.

शेतात भरीत करतो. वांगी चांगली भाजलेली असतात, तरी दुसऱ्या दिवशी दोघातिघांचं पोट बिघडतंच. दोष वांग्यांचा की तेलाचा? (यावल)

बहुधा दोन्हींचा नाही. वांग्याचा गर मऊ पडेपर्यंत आतली उष्णता ७० अंशांच्या वर गेलेली असते, आणि तेवढ्या उष्णतेत ई. कोलाय किंवा साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू दोन मिनिटंही टिकत नाहीत. पण ठेचलेल्या भरितात वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर पडते, ती कच्चीच. वाफ्याला नाल्याचं पाणी दिलं असेल किंवा कच्चं शेणखत घातलं असेल, तर ते जंतू पातीच्या बुडाशी, पानं एकमेकांत अडकतात त्या खाचेत बसतात. त्यात भरीत कोमट आणि ओलं. पातेलं झाकून तीन तास पंगतीची वाट पाहत राहिलं, तर अनुकूल उष्णतेत साधारण वीस मिनिटांना दुप्पट होणाऱ्या जंतूंना आणखी काय हवं?

पातीची मुळं कापून टाका, बाहेरचा पापुद्रा काढा आणि एकेक काडी वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळा. आधी चिरून मग चाळणीत धुणं ही नेहमीची चूक. विळीच्या पात्याबरोबर वरची घाण आत जाते, आणि चिरल्यावर सुटणारा रस जंतूंचं खाद्य होतो. वांगी सोलणाऱ्याचे हात, ठेचायचं लाकडी भांडं हेही धुतलेलं हवं. पात फोडणीत परतून घेतली तर प्रश्नच मिटतो. चव बदलते, हे मान्य.

मीठ, खायचा सोडा, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, यातलं नेमकं काय वापरावं? (शिरपूर)

मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात. चमचाभर मिठाने जंतू मरत नाहीत. सोडा काही कीटकनाशकांचे अंश काढायला उपयोगी, जंतूंसाठी नाही. परमँगनेटची मात्रा घरी नुसत्या गुलाबी रंगावरून ठरत नाही, आणि पाणी तपकिरी झालं की त्याचा जोर संपलेला असतो. व्हिनेगर चालतं: एक वाटी व्हिनेगरला तीन वाट्या पाणी, दहा मिनिटं. मात्र एवढं व्हिनेगर महाग पडतं, आणि कोथिंबीर त्यात मरगळते.

कच्च्या खायच्या पाल्याला क्लोरीन बरं. ४ ते ५ टक्क्यांचं साधं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं पातळ ब्लीच) पाच लिटर पाण्यात ५ मिली घाला, म्हणजे साधारण ४० ते ५० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग क्लोरीन) होतं. त्यात पाच मिनिटं ठेवा, मग पिण्याच्या पाण्याने खळखळून धुवा. मोजायला औषधाची सिरिंज घ्या, बाटलीचं झाकण नको. बाटली भाज्या-फळांसाठी चालणारी आहे हे लेबलवर पाहा. सुगंधी किंवा साबणमिश्रित ब्लीच नको. कुठलंही ब्लीच व्हिनेगरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि माती आधी गेलीच पाहिजे, नाहीतर क्लोरीन मातीवरच खर्च होतं. टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर नको. उघड्या पिशवीत तिचा जोर किती उरलाय ते कळत नाही.

एवढं करूनही सगळे जंतू जात नाहीत. पानाच्या रंध्रांत (बारीक छिद्रांत), ओरखड्यांत बसलेल्यांपर्यंत औषध पोहोचत नाही. टेपवर्मच्या (आतड्यातल्या पट्टीसारख्या कृमीच्या) अंड्यांना तर क्लोरीन मारतच नाही. ती चोळून धुतल्याने निघतात किंवा शिजवल्याने मरतात. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्या ताटात पाला शिजवलेलाच वाढा.

आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी. वाहत्या पाण्याखाली धुवायचं कुठून? (धुळे जिल्हा)

मेथीच्या एका जुडीला तीन-तीन लिटरची तीन पातेली पुरतात. मुळं कापून, सडकी पानं निवडून पहिल्यात पाला बुडवा, हाताने ढवळा, दोन मिनिटं थांबा. माती तळाशी बसते. आता पाला दोन्ही हातांनी वर उचलून दुसऱ्यात घाला. पातेलं चाळणीवर ओतलं तर तळाची सगळी माती परत पाल्यावर येते. इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. मेथी शिजवायचीच आहे, तेव्हा तिन्ही पाणी साधं चालेल. कोथिंबीर कच्ची खायची असेल तर दुसऱ्या पातेल्यात क्लोरीन (तीन लिटरला ३ मिली), तिसऱ्यात पिण्याचं पाणी. तिसऱ्यातलं पाणी पुढच्या जुडीला पहिलं म्हणून वापरा. मातीचं पाणी झाडांना, क्लोरीनचं मोरीत.

उन्हाळ्यात बाजारातून आणलेले टोमॅटो लगेच माठाच्या गार पाण्यात टाकते. बरोबर आहे ना? आणि सगळी भाजी धुऊनच फ्रिजमध्ये ठेवावी का? (जळगाव)

पहिलं टाळा. मे महिन्यात हातगाडीवरचा टोमॅटो आतपर्यंत तापलेला असतो. गार पाण्यात त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं, सोबत जंतूही. मग वरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. तास-दीड तास सावलीत निवू द्या, मग साध्या पाण्याखाली चोळा.

भाजी धुऊन ठेवायचीच असेल तर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओला पाला पिशवीत सडतो. त्यापेक्षा निवडून कोरडाच ठेवावा आणि वापरताना धुवावा, हे सोपं. चिरलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नको.

मोड आलेली मटकी घरचीच, फडक्यात बांधलेली. ती तरी कच्ची खाल्ली तर चालेल? (नंदुरबार)

घरची असली तरी जपून. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि ते बियांवरूनच आलेले असू शकतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने पन्नासहून जास्त माणसं गेली. मोड धुऊन उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, मग कांदा-लिंबू घाला. मटकी जराशी मऊ पडेल.